साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती



१४ एप्रिल ही डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची जयंती. दरवर्षी आपण वर्गात त्यांचा फोटो लावतो आणि भारताची राज्यघटना त्यांनी घडवली हे सांगतो. मागे एकदा मोठ्या गटातल्या एका मुलीने विचारले की त्यांच्या घरी तर पैसे नव्हते, मग अमेरिका आणि इंग्लंडमधल्या एवढ्या पदव्यांची फी कोणी भरली? त्या दिवशी मला धड उत्तर देता आले नाही. म्हणून हा लेख. लहान मुलांना तो आईबाबांनी वाचून दाखवावा.

भीमरावांचा जन्म १८९१ साली महू येथे झाला. वडील रामजी सकपाळ लष्करात सुभेदार होते. घराणे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातल्या आंबडवे गावचे, जातीने महार. त्या काळी महारांना अस्पृश्य मानत, म्हणजे त्यांना शिवायचे नाही, त्यांच्या हातचे पाणी प्यायचे नाही. ७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमराव साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात दाखल झाले. (हा दिवस महाराष्ट्रात २०१७ पासून विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात.) वर्गात त्यांना वेगळे बसावे लागे आणि त्यासाठी गोणपाटाचा तुकडा घरून न्यावा लागे. तहान लागली तर नळाला हात लावायचा नाही. शिपायाने नळ सोडला तर पाणी, नाहीतर घरी जाईपर्यंत कोरडा घसा. केस कापायला न्हावी तयार नसे, ते काम बहीण करी.

पुढे कुटुंब मुंबईला आले आणि परळच्या चाळीतल्या एका खोलीत राहू लागले. त्या खोलीत स्वयंपाक, झोपणे, पाहुणे सगळेच. रामजींनी एक युक्ती काढली होती. मुलाने संध्याकाळी लवकर झोपायचे आणि वडील स्वतः पहाटे दोन वाजेपर्यंत जागे राहून त्याला उठवायचे. मग सारी चाळ झोपलेली असताना दिव्याच्या उजेडात अभ्यास. भीमरावांना पुस्तकांचे वेड होते आणि पेन्शनीत पुस्तके कुठून येणार? रामजी आपल्या लग्न झालेल्या मुलींकडे जात, पैसे उसने मागत आणि नसले तर त्यांचा एखादा दागिना गहाण ठेवून पुस्तक आणत. माझ्या मते भीमरावांची पहिली शिष्यवृत्ती ही. ती बहिणींच्या अंगावरून निघाली.

त्यांची दुसरी शिष्यवृत्ती एका बागेत सुरू झाली म्हणायला हरकत नाही. शाळा सुटल्यावर भीमराव चर्नी रोडच्या बागेत वाचत बसत. तिथे संध्याकाळी कृष्णाजी अर्जुन केळूसकर नावाचे शिक्षक येत. ते लेखकही होते. रोज एकच मुलगा पुस्तकात डोके घालून बसलेला पाहून त्यांनी चौकशी केली, मग त्याला पुस्तके द्यायला लागले. १९०७ च्या मॅट्रिकच्या परीक्षेत भीमराव पास झाले. गुण ७५० पैकी २८२. फार मोठे गुण नाहीत, बरं का, पण त्या वस्तीत एवढी परीक्षा पास होणे हीच नवलाची गोष्ट होती. लोकांनी सत्काराची सभा भरवली आणि केळूसकरांनी त्यांना स्वतः लिहिलेले भगवान बुद्धांचे मराठी चरित्र भेट दिले.

भीमराव एल्फिन्स्टन कॉलेजात गेले आणि थोड्याच काळात रामजींचे पैसे संपले. इथे पुन्हा केळूसकर पुढे आले. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी अस्पृश्य समाजातल्या लायक विद्यार्थ्याला मदत करीन असे जाहीर केले होते. असे जाहीर करणारे पुष्कळ असतात. त्यांच्यापर्यंत पोचणारा विद्यार्थी मात्र पाहिजे आणि त्याला तिथवर नेणारे कोणी पाहिजे. केळूसकर मुलाला घेऊन महाराजांकडे गेले. महाराजांनी प्रश्न विचारले, उत्तरे आवडली आणि दरमहा २५ रुपये सुरू झाले. त्यावर भीमराव बी. ए. झाले. मुल्लर नावाच्या प्राध्यापकांनी त्यांना पुस्तके दिली आणि कपडेही दिले.

१९१३ च्या जानेवारीत ते बडोद्याला नोकरीसाठी गेले. काही दिवसांतच वडील आजारी असल्याची तार आली. परत येताना सुरत स्टेशनवर वडिलांसाठी मिठाई घ्यायला ते उतरले आणि गाडी सुटली. मुंबईला पोचायला त्यामुळे उशीर झाला. रामजी मुलाची वाट पाहत होते. त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि थोड्याच वेळात गेले. तारीख होती २ फेब्रुवारी १९१३.

त्याच वर्षी महाराज काही विद्यार्थ्यांना अमेरिकेत न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पाठवणार होते. भीमराव मुंबईत महाराजांना भेटले, अर्ज केला आणि निवडले गेले. ४ जून १९१३ रोजी बडोद्यात करारावर सही झाली. करार असा: तीन वर्षे दरमहा साडेअकरा पौंड मिळतील, ठरवलेले विषयच शिकायचे आणि शिक्षण संपल्यावर दहा वर्षे बडोदा संस्थानाची नोकरी करायची. तुमच्यातले मोठे भाऊबहीण ज्याला हेक्स म्हणतात ते कर्ज पगार वाढला की करातून फेडायचे असते. हे कर्ज पैशांनी नव्हे, आयुष्याच्या दहा वर्षांनी फेडायचे होते.

आता वह्या काढा. तीन वर्षांचे ३६ महिने, प्रत्येकी साडेअकरा पौंड, म्हणजे ४१४ पौंड. तेव्हा एक पौंड म्हणजे १५ रुपये. म्हणजे महिन्याला १७२ रुपये ८ आणे. मुंबईच्या चाळीत ही फार मोठी रक्कम होती, न्यूयॉर्कमध्ये अगदी बेताची. त्यातूनही भीमराव घरी पैसे पाठवत, कारण मागे पत्नी रमाबाई आणि लहानगा यशवंत होते. म्हणून जेवणात काटकसर, नाटक-सिनेमा नाही, फिरणे नाही. एकाच गोष्टीवर ते हात सैल सोडत. जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून त्यांनी सुमारे २००० पुस्तके जमवली.

न्यूयॉर्कला ते जुलै १९१३ मध्ये पोचले. तिथे नवल भथेना हा पारशी विद्यार्थी त्यांचा खोलीसोबती झाला आणि जन्मभराचा मित्रही. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. आयुष्यात पहिल्यांदाच भीमराव अशा ठिकाणी आले होते जिथे शेजारी बसणाऱ्याला त्यांची जात ठाऊक नव्हती आणि पाणी कुठल्याही नळाचे पिता येत होते. त्यांनी अधाश्यासारखे विषय घेतले. अर्थशास्त्राचे २९ अभ्यासक्रम, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, शिवाय मानववंशशास्त्र, राज्यशास्त्र, थोडे फ्रेंच आणि जर्मन. जॉन ड्यूई आणि एडविन सेलिग्मन हे त्यांचे गुरू. १९१५ साली एम. ए. झाले. मे १९१६ मध्ये त्यांनी भारतातल्या जाती कशा निर्माण झाल्या यावर एका चर्चासत्रात निबंध वाचला. तो आजही जगभर वाचला जातो.

तीन वर्षे जून १९१६ मध्ये संपत होती. भीमरावांना लंडनमध्येही शिकायचे होते. त्यांनी मुदत वाढवून मागितली आणि ती थोडी वाढवून मिळाली. सेलिग्मन यांनी लंडनच्या ओळखीच्या विद्वानांना पत्रे दिली. इथे जरा थांबून पालकांना सांगावेसे वाटते. पैसा देणारा सयाजीरावांसारखा एकच असतो, पण त्याच्यापर्यंत आणि त्याच्यानंतर नेणारे केळूसकर आणि सेलिग्मन असतात. या दोघांनी स्वतःच्या खिशातून फी भरली नव्हती. त्यांनी मुलाकडे नीट पाहिले आणि त्याच्यासाठी पत्र लिहिण्याचे किंवा कोणाचे दार ठोठावण्याचे कष्ट घेतले.

लंडनमध्ये भीमरावांनी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये आणि बॅरिस्टर होण्यासाठी ग्रेज इनमध्ये नाव घातले. जेमतेम वर्ष झाले आणि बडोद्याहून निरोप आला की शिष्यवृत्ती संपली, परत या. अभ्यास अर्धवट राहिला. त्यांनी प्राध्यापकांना भेटून विद्यापीठाची लेखी परवानगी मिळवली की ऑक्टोबर १९१७ पासून चार वर्षांच्या आत परत आलो तर अभ्यास तिथूनच पुढे सुरू करता येईल. ही परवानगी म्हणजे एक चालू केलेले घड्याळ होते. चार वर्षांत जाण्याचे आणि राहण्याचे पैसे उभे करायचे, नाहीतर दार बंद.

पहिले महायुद्ध चालू होते. भीमराव एका जहाजाने आले आणि त्यांचे सामान दुसऱ्या जहाजाने निघाले. ते जहाज जर्मन पाणबुडीने बुडवले. न्यूयॉर्क-लंडनच्या फुटपाथांवर घासाघीस करून घेतलेल्या पुस्तकांपैकी कितीतरी समुद्रात गेली. सामानाची भरपाई म्हणून सुमारे ६०० रुपये मिळाले. त्याच पैशांतून त्यांनी घरखर्चाची सोय केली आणि करारातली दहा वर्षे सुरू करायला बडोद्याचे तिकीट काढले.

बडोद्यात काय झाले ते त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. ते महाराजांचे लष्करी सचिव म्हणून रुजू झाले. स्टेशनवर त्यांना घ्यायला कोणी आले नाही. कचेरीतले शिपाई त्यांच्या हातात कागद द्यायला नको म्हणून लांबून टेबलावर फेकत. कचेरीत त्यांना प्यायला पाणी मिळेना. शहरात कोणी घर भाड्याने देईना. शेवटी ते पारशी नाव घेऊन एका पारशी धर्मशाळेत राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेली माणसे दारात उभी राहिली आणि संध्याकाळपर्यंत खोली सोडायला सांगून गेली. ओळखीच्या दोघांकडे आसरा मागितला, एक हिंदू आणि एक ख्रिस्ती. दोघांनीही काही ना काही कारण सांगून टाळले. मग कमाठी बागेत एका झाडाखाली बसून त्यांनी रात्री नऊच्या मुंबईच्या गाडीची वाट पाहिली. अमेरिकेत एम. ए. झालेले, लंडनला शिकलेले गृहस्थ, वय २६.

सयाजीराव मोठे राजे होते, यात शंका नाही. त्यांच्या राज्यात सक्तीचे प्राथमिक शिक्षण होते, ग्रंथालये होती. पण मला नेहमी वाटते की मुलाला सातासमुद्रापार पाठवणे त्यांना जमले आणि आपल्याच राजधानीत त्याला एक खोली मिळवून देणे मात्र जमले नाही. करार मोडला तो असा. शिष्यवृत्तीच्या पैशांची मागणी बडोद्याहून पुढे काही वर्षे होत राहिली.

ऑस्ट्रेलियात वाढणाऱ्या मुलांना हे सारे फार दूरचे वाटेल. पण फेब्रुवारी १९६५ मध्ये चार्ल्स पर्किन्स हा आदिवासी विद्यार्थी सिडनी विद्यापीठातल्या मुलामुलींना बसमध्ये घेऊन न्यू साउथ वेल्सच्या गावांतून फिरला, कारण मोरी गावच्या तरणतलावात आदिवासी मुलांना उतरू देत नव्हते. १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेब हजारो लोकांना घेऊन गेले तेही पाण्यासाठीच. पर्किन्स यांच्याविषयी तुमच्या इंग्रजी शाळेत विचारा, तिथे माहिती मिळेल.

तर घड्याळ चालू होते. मुंबईत भीमरावांनी शिकवण्या केल्या. शेअरबाजारात पैसे गुंतवणाऱ्यांना सल्ला देण्याची कचेरी काढली. जात कळल्यावर गिऱ्हाईक येईनासे झाले. नोव्हेंबर १९१८ मध्ये त्यांना सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाची जागा मिळाली, पगार महिना ४५० रुपये. इथेही काही सहकाऱ्यांनी त्यांनी प्राध्यापकांच्या माठातले पाणी पिऊ नये अशी तक्रार केली, पण विद्यार्थी मात्र दुसऱ्या कॉलेजांतून त्यांची व्याख्याने ऐकायला येत. एवढा पगार म्हणजे मोठे घर घेता आले असते. ते परळच्या चाळीतल्या दोन खोल्यांतच राहिले. रमाबाईंच्या हाती घरखर्चापुरते ठरावीक पैसे द्यायचे, उरलेले लंडनसाठी. रमाबाई तेवढ्यात भागवत.

मार्च १९२० मध्ये त्यांनी नोकरी सोडली. शिल्लक पुरेशी नव्हती. मित्र नवल भथेना यांनी ५००० रुपये कर्जाऊ दिले. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनीही मदत केली. मुलांनो, आता मोजा: स्वतःची बचत, मित्राचे कर्ज, एका राजाची मदत, आणि चौथी घरची उपासमार. ती कुठल्याही हिशोबाच्या वहीत लिहिलेली नसते. बाबासाहेब लंडनला असताना रमाबाईंचे फार हाल झाले. त्यांची पाच मुले झाली, त्यातली चार लहानपणीच गेली. एकटा यशवंत जगला.

सप्टेंबर १९२० मध्ये, मुदतीला वर्षभर बाकी असताना, बाबासाहेबांचे नाव लंडनच्या पटावर पुन्हा लागले. राहायला एक स्वस्त घर होते आणि त्याची मालकीण भारी चिक्कू. सकाळी पावाचा एक तुकडा, जरासा मासा आणि कपभर बोव्हरिल, म्हणजे मांसाच्या अर्काचे पातळ सार. मग ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात दार उघडायच्या वेळी हजर आणि पहारेकरी उठवीपर्यंत तिथेच. दुपारचे जेवण नाही. रात्री दहाच्या सुमारास भूक आवरेनाशी झाली की मित्राने दिलेले पापड पत्र्यावर भाजून खायचे आणि पुन्हा पहाटेपर्यंत वाचायचे. आपल्या घरी पापड भाजताना आग लागल्याची घंटा वाजते तेव्हा मला हे हटकून आठवते.

आणखी एक गंमत सांगते. ज्या विषयावर त्यांनी डी. एस्सी.चा प्रबंध लिहिला तो विषय होता रुपयाचा प्रश्न. रुपया पौंडाच्या तुलनेत किती धरायचा, आणि तो कोणी ठरवायचा? १९२० च्या सुरुवातीला सरकारने रुपया दोन शिलिंगांचा ठरवला. वर्षभरात तो इतका घसरला की जुना एक शिलिंग चार पेन्सचा भावही टिकेना. इथे भारतातून पैसे मागवणाऱ्या विद्यार्थ्यांना आणि त्यांच्या आईबाबांना हे दुखणे ठाऊक आहे. रुपयांच्या शिलकीवर लंडनमध्ये राहणाऱ्या विद्यार्थ्याला हा प्रश्न नुसता पुस्तकातला वाटला नसेल, असा माझा आपला अंदाज.

१९२१ साली त्यांना एम. एस्सी. मिळाली, १९२२ साली ते बॅरिस्टर झाले आणि ऑक्टोबर १९२२ मध्ये त्यांनी डी. एस्सी.चा प्रबंध सादर केला. काही दिवस जर्मनीत बॉन विद्यापीठातही गेले. मार्च १९२३ मध्ये लंडनहून कळले की परीक्षकांना प्रबंध पसंत नाही. त्यातली इंग्रज सरकारवरची टीका फार कडक होती, काही भाग बदलून लिहावा लागणार होता. तोवर पैसे संपले होते. एप्रिल १९२३ मध्ये ते मुंबईला परतले आणि चाळीत बसून प्रबंधाची मांडणी बदलली, निष्कर्ष मात्र तेच ठेवले. पुढे तो टपालाने पाठवला. वर्ष संपण्यापूर्वी पदवी मिळाली. बॅरिस्टर झाले होते खरे, पण मुंबईत वकिली करण्याची सनद घ्यायलाही पैसे नव्हते. ते पुन्हा भथेनांनीच दिले.

कोलंबियाची पीएच. डी. तर आणखी लांबली. तिथला नियम असा की प्रबंध छापून त्याच्या प्रती विद्यापीठाला द्यायच्या. छापायला पैसे लागतात! पुस्तक १९२५ साली निघाले, पदवी १९२७ साली हातात आली. करारावर सही केल्याला तेव्हा चौदा वर्षे झाली होती.

पुढचे आयुष्य तुम्हाला माहीत आहे, म्हणून थोडक्यात सांगते. महाडचा सत्याग्रह, गोलमेज परिषद, राज्यघटना, १९५६ साली नागपूरला बौद्ध धर्माचा स्वीकार आणि त्याच वर्षी ६ डिसेंबरला दिल्लीत निधन. पण शिष्यवृत्तीची गोष्ट एवढ्यावर थांबत नाही. १९४२ साली ते व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री झाले. तिथे बसल्यावर त्यांनी अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी सरकारकडून पैसे मंजूर करून घेतले. मॅट्रिकनंतरच्या शिक्षणाची शिष्यवृत्ती १९४४ पासून सुरू झाली. आजही ती चालू आहे आणि लाखो मुले तिच्यावर शिकली. परदेशी शिकायला जाणाऱ्यांसाठी केंद्र सरकारची वेगळी शिष्यवृत्ती १९५४ पासून आहे. त्या शिष्यवृत्तीवर परदेशी जाणाऱ्याला कोणा महाराजांच्या मर्जीची गरज नसते आणि बागेत केळूसकर भेटले नाहीत तरी अर्ज करता येतो. १९४५ साली बाबासाहेबांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली. मुंबईचे सिद्धार्थ कॉलेज आणि औरंगाबादचे मिलिंद महाविद्यालय ही तिचीच.

आता त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर. फी कोणी भरली हे बाबासाहेबांनी आपल्या पुस्तकांच्या पहिल्या पानांवरच लिहून ठेवले आहे. पुस्तक कोणाला तरी अर्पण करायची पद्धत असते. १९२३ साली छापलेला रुपयाच्या प्रश्नावरचा ग्रंथ त्यांनी आईवडिलांना अर्पण केला. कोलंबियाचा प्रबंध सयाजीराव महाराजांना, शिक्षणाला केलेल्या मदतीची आठवण ठेवून. करार मोडला होता, मागणीची पत्रे येत होती, तरीही. आणि १९४० साली पाकिस्तानच्या प्रश्नावर लिहिलेले जाडजूड पुस्तक त्यांनी रमाबाईंच्या स्मृतीला अर्पण केले. त्या पुस्तकाच्या विषयाशी रमाबाईंचा काही संबंध नव्हता. त्यांना जाऊन तेव्हा पाच वर्षे झाली होती. अर्पणपत्रिकेत त्यांनी नाव घातले आहे ते घरात हाक मारायचे तेच, रामू.